मरणाशी अदलाबदल

इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन गावच्या चर्चच्या नोंदवहीत ११ ऑगस्ट १५९६ रोजी एका दफनाची नोंद झाली. विल्यम शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट, एवढंच. ११ वर्षांचा हा मुलगा कशाने गेला, किती दिवस अंथरुणावर होता, बाप तेव्हा लंडनला होता की वाटेत, आई उशाशी बसून काय करत होती, यातलं काहीही त्या वहीत नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत त्या बापाने एक नाटक लिहिलं. त्याच्या नायकाचं नाव होतं हॅम्लेट. त्या काळच्या स्ट्रॅटफर्डच्या कागदपत्रांत ही दोन्ही नावं एकमेकांच्या जागी बिनदिक्कत लिहिलेली सापडतात.

एवढ्याशा ऐवजावर मॅगी ओ'फॅरल यांनी २०२० मध्ये 'हॅम्नेट' ही कादंबरी उभी केली आणि २०२५ मध्ये क्लोई झाओ यांनी तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट केला. पटकथा दोघींनी मिळून लिहिली आहे. मुलाच्या मृत्यूतून एका थोर नाटकाचा जन्म, असं या चित्रपटाचं वर्णन केलं जातं. ते खोटं नाही. पण गोष्ट तेवढीच असती तर चित्रपट चरित्रपटांच्या मळलेल्या वाटेने गेला असता. आधी आघात, मग कागदावर धावणारी लेखणी, शेवटी टाळ्या. झाओ यांच्या चित्रपटात लेखणी फार कमी दिसते. त्यांचं सगळं लक्ष आहे ते एकाने दुसऱ्याच्या जागी जाऊन उभं राहण्याकडे. आधी पोरांचा खेळ म्हणून, मग मरणाला चकवा म्हणून आणि सरतेशेवटी नाटक म्हणून ही अदलाबदल तीनदा घडते. सगळा चित्रपट या तीन अदलाबदलींवर तोललेला आहे.

पहिल्या दृश्यात शेक्सपिअर नाही. एका प्रचंड झाडाच्या मुळांशी लाल पोशाखातली एक तरुणी अंगाचं मुटकुळं करून निजली आहे. जवळच जमिनीत काळंशार विवर. छायालेखक वुकाश झाल यांचा कॅमेरा तिच्याकडे वरून पाहतो. ती त्या रानाचाच एक भाग वाटते, मुळांनी धरून ठेवलेली. ही अ‍ॅग्नेस. जगाला ती अ‍ॅन हॅथवे म्हणून माहीत आहे. पण तिच्या वडिलांच्या १५८१च्या मृत्युपत्रात मुलीचं नाव अ‍ॅग्नेस असं आहे आणि कादंबरीने, पाठोपाठ चित्रपटाने, तेच उचललं. लग्न झालं १५८२च्या नोव्हेंबरात. तो १८ वर्षांचा, ती २६ची आणि गरोदर. पुढच्या मे महिन्यात सुझॅनाचा बाप्तिस्मा झाला आणि २ फेब्रुवारी १५८५ रोजी हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा. या तारखांच्या आधारावर चरित्रकारांच्या कित्येक पिढ्यांनी या बाईवर अन्याय केला. कोवळ्या पोराला जाळ्यात ओढणारी थोराड बायको, अडाणी, नवऱ्याला गावात जखडून ठेवू पाहणारी. मृत्युपत्रात त्याने तिला 'दुसऱ्या प्रतीचा पलंग' ठेवला, यावरून तर टवाळीचा एक संप्रदायच तयार झाला.

चित्रपट या टवाळीला वाद घालून उत्तर देत नाही. तो अ‍ॅग्नेसला तिची स्वतःची कला देतो. तिला पाल्याची, मुळ्यांची जाण आहे. तिच्या हातावर ससाणा येऊन बसतो. माणसाचा हात हातात घेतला की त्याच्या आतलं तिला दिसतं. गावाच्या नजरेत ती चेटकिणीची लेक. शेक्सपिअर मात्र हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा, बापाच्या कर्जापोटी तिच्या सावत्र भावांना लॅटिन शिकवायला आलेला, सरळ बोलायला गेला की अडखळणारा. मग तो बोलायच्याऐवजी गोष्ट सांगतो. ऑर्फियसची. मेलेल्या प्रियेला पाताळातून परत आणायला गेलेला गायक उंबरठ्यावर मागे वळून पाहतो आणि तिला कायमची गमावतो. अ‍ॅग्नेस झालेल्या जेसी बकली ही गोष्ट ज्या पद्धतीने ऐकतात तिकडे लक्ष द्यायला हवं. त्या मोहून जात नाहीत. पारखून घेतात. हा मुलगा समोर नसलेली गोष्ट दाखवू शकतो, हे अ‍ॅग्नेसला कळतं, कारण तिलाही तेच येतं. एकाचं माध्यम शब्द, दुसरीचं स्पर्श. म्हणून हे जोडपं कलावंतांचं आहे. एक प्रतिभावान आणि दुसरी त्याला सांभाळून घेणारी, ही नेहमीची विभागणी इथे नाही.

त्याला लंडनला पाठवते तीच. बापाच्या धाकात आणि मोज्यांच्या चामड्याच्या वासात तो गुदमरतो आहे हे तिला सगळ्यांच्या आधी दिसतं. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढे 'तू इथे नव्हतास' हा आरोप ती करणार आहे, आणि त्या आरोपाची धार तिच्या स्वतःच्याही अंगावर आहे.

आता पहिली अदलाबदल. हॅम्नेट आणि ज्युडिथ एकमेकांचे कपडे घालतात आणि घरच्यांना फसवतात. आईबाप फसल्यासारखं करतात. घरात असा खेळ चालतो तेव्हा हसणं असतं, पळापळ असते, आणि झाओ तो तसाच खळाळता ठेवतात. पुढे काय होणार याची सूचना देणारं गंभीर संगीत त्यावर घालत नाहीत. याच भागात बाप मुलाला लाकडी तलवार चालवायला शिकवतो, निघताना धीट राहायला सांगतो. पाळलेला ससाणा मरतो, मुलं त्याला पुरतात आणि मेलेलं पाखरू कुठे जातं याचं आईने दिलेलं उत्तर ऐकतात. चित्रपटाचा अर्धाअधिक वेळ अशा घरगुती गोष्टींत जातो. काही प्रेक्षकांना तो संथ वाटेल. पण हॅम्लेटच्या शेवटच्या अंकात विषारी तलवारीने द्वंद्व होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला ओसरीवरचा तो लाकडी तलवारीचा खेळ विसरता येत नाही. नाटकाला लागणारं सगळं सामान घरातच तयार होत असतं, आणि ते सामान आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं, बापालाही नाही.

दुसरी अदलाबदल भीषण आहे. प्लेग येतो तो ज्युडिथला. जन्मतःच निपचित पडलेली, मग कशीबशी श्वास घेऊ लागलेली ही मुलगी. हीच हातची जाणार ही आईची जन्मापासूनची भीती. आपल्या मरणाच्या वेळी उशाशी दोनच मुलं असतील असं तिला दिसलेलं आहे. म्हणून ती सगळी ताकद लावून ज्युडिथची राखण करते. पाला, काढे, लेप, जागरण. आणि रात्री हॅम्नेट बहिणीच्या शेजारी जाऊन निजतो. कपड्यांच्या खेळात जमलं तसं मरणालाही फसवता येईल, ते चुकून आपल्याला नेईल, असा त्या ११ वर्षांच्या मुलाचा हिशेब. सकाळी मुलगी सावरते आणि मुलगा तडफडू लागतो. आईला जे दिसलं होतं ते खरं ठरतं, फक्त तिने नाव चुकीचं वाचलेलं असतं. सगळं दिसणाऱ्या बाईला हेच दिसू नये, हा तिच्या कलेचा पराभव आहे. लेखकाच्या अपयशावर चित्रपट पुष्कळ निघतात. औषध जाणणाऱ्या आईचं अपयश इतकं जवळून पाहणारे कमी.

जेकोबी ज्यूप या बालनटाने तडफड झाकून घेतलेली नाही, आणि बकली यांचं रडणं सिनेमातलं रडणं नाही. आधी आवाजच फुटत नाही, मग जो फुटतो तो माणसाचा आहे की जनावराचा हे कळत नाही. त्याच वेळी झाओ एक धाडसी गोष्ट करतात. मरता मरता हॅम्नेट एका रिकाम्या जागी उभा दिसतो, मागे रंगवलेलं रान, त्यात काळोखं दार, आणि तो आईला हाका मारतो आहे. ही जागा काय आहे, हे त्या क्षणी सांगितलं जात नाही.

बाप पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. ज्युडिथला उभी पाहून त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला खरं काय ते दिसतं. पॉल मेस्कल यांचा या दृश्यातला चेहरा म्हणजे आनंद अजून ओसरलेला नाही आणि दुःख अजून आत शिरलेलं नाही, अशा मधल्या फटीत सापडलेल्या माणसाचा. तिथून पुढे दोघांचं दुःख दोन वाटांनी जातं. तिच्याकडे तो शेवटचा दिवस आहे, त्यातली प्रत्येक घटका आहे, मुलाच्या अंगाचा ताप हातात आहे. त्याच्याकडे काहीच नाही. स्वतःच्याच घरात तो समाचाराला आलेल्या परक्यासारखा वावरतो आणि थोड्याच दिवसांत लंडनला परततो. तिला तो पळ वाटतो. आपल्याला प्रेक्षक म्हणून तिचंच खरं वाटतं, कारण झाओ आपल्याला तिच्याजवळ ठेवतात; लंडनमधला तो आपल्याला तुकड्यातुकड्यांनी भेटतो. तालमीत तो नटावर ओरडतो. पोटतिडकीने म्हणायचं वाक्य हा नट नुसतं पाठ म्हणतो, हा त्याचा संताप.

मराठी नाटकवेड्या वाचकाला इथे बालगंधर्व आठवल्यावाचून राहणार नाहीत. १९११ मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी वारली आणि ते तरीही भामिनी म्हणून उभे राहिले. आपल्याकडे ही कथा कर्तव्यनिष्ठेची म्हणून सांगितली जाते. रसिकांचा विरस नको म्हणून नटाने आपलं दुःख विंगेत ठेवलं, असा तिचा अर्थ लावतात. 'हॅम्नेट'मधला नाटककार याच्या उलट करतो. तो दुःख विंगेत ठेवत नाही. मुलाचं नाव सगळ्या लंडनसमोर उच्चारायला लावतो. यातलं कुठलं अवघड, हा प्रश्न चित्रपट पाहताना मनात येतो आणि घरी बसलेल्या बाईला या दोन्हींबद्दल काय वाटलं असेल, हाही. बालगंधर्वांच्या कथेत त्या घरातल्या आईचा उल्लेख क्वचितच येतो. झाओ यांनी नेमकी तीच जागा चित्रपटाच्या मधोमध आणली आहे.

म्हणूनच शेवटची २०-२५ मिनिटं इतकी भारून टाकणारी आहेत. नवऱ्याने मुलाच्या नावाचं नाटक लावल्याचं अ‍ॅग्नेसला कळतं. ती भावाला घेऊन लंडनला येते, ग्लोब नाट्यगृहात उभ्याच्या प्रेक्षकांत थेट रंगमंचाच्या कडेशी पोचते. नाटक म्हणजे काय हे तिने कधी पाहिलेलं नाही. वर कुणी परका माणूस तिच्या मुलाचं नाव घेतो आणि ती तिथल्या तिथे मोठ्याने हरकत घेते. आजूबाजूचे तिला गप्प करतात. तिचा राग रास्त आहे. माझ्या मुलाचं हे काय चालवलंय? तो विकायला काढलाय का?

मग भूत येतं. हॅम्लेटच्या मेलेल्या बापाचं. अंगावर पांढरा लेप, आणि आत तिचा नवरा. शेक्सपिअर स्वतः ही भूमिका करत असे, अशी जुनी आख्यायिका आहे. निकोलस रो यांनी १७०९ मध्ये लिहिलेल्या चरित्रात ती नोंदलेली आहे. ओ'फॅरल यांनी तिचं सोनं केलं. आता तिसरी अदलाबदल डोळ्यांसमोर उभी आहे. घरात मुलगा मेला, बाप जगला. नाटकात बाप मेला, मुलगा जगतो आहे, वाढला आहे, तरुण झाला आहे, तलवार चालवतो आहे. बहिणीच्या जागी जाऊन निजलेल्या मुलाच्या जागी बाप जाऊन उभा राहिला. ज्या रात्री तो पोचला नाही त्या रात्री करायला हवं होतं ते हेच, आणि ते त्याने त्याला येत होतं त्या एकाच रीतीने केलं. अ‍ॅग्नेसच्या चेहऱ्यावर हे हळूहळू उमटतं. कुणीही एक शब्द समजावून सांगत नाही. वर हॅम्लेट झालेला नट नोआ ज्यूप, हॅम्नेट झालेल्या जेकोबीचा सख्खा मोठा भाऊ. चेहऱ्याची ती ठेवण पाहून मुलगा मोठा झाला असता तर असा दिसला असता, हे पाहणाऱ्याला आपोआप जाणवतं.

पाठीमागे रंगवलेलं रान आहे आणि त्यात काळोखं दार. मघाची जागा आता ओळखू येते. मुलगा मेल्यावर जिथे अडकला होता ती जागा हा रंगमंच होता. हॅम्लेट कडेशी कोसळतो, अ‍ॅग्नेस हात पुढे करून त्याचा हात धरते. तिचं बघून शेजारचे, मागचे, सगळेच हात पुढे करतात. आणि तिला वर तिचा हॅम्नेट दिसतो, मागे वळून तिच्याकडे पाहतो आणि दारातून आत जातो. ऑर्फियसच्या गोष्टीत मागे वळणं घातक ठरलं होतं. इथे त्या वळण्यानेच सुटका होते, जाणाऱ्याची आणि राहणारीचीही.

आपल्या काव्यशास्त्राला हे दृश्य अनोळखी नाही. एकाचा शोक सगळ्यांचा होतो आणि मगच त्याचा आस्वाद घेता येतो, हा साधारणीकरणाचा विचार त्या पुढे आलेल्या हातांत दिसतो. पण अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या आड येणाऱ्या विघ्नांची यादी केली आहे, आणि प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं हे त्यातलं एक विघ्न आहे. त्या हिशेबाने ग्लोबमधल्या गर्दीत नाटक पाहायला सगळ्यात अपात्र कोण असेल तर ती अ‍ॅग्नेस. तिच्यासाठी मंचावरचं काहीच 'कुणाचं तरी' नाही. झाओ यांनी हिलाच पुढच्या रांगेत आणलं, आणि शेवटचं सगळं नाट्य मंचावर न ठेवता तिच्या चेहऱ्यावर ठेवलं. आधी हरकत, मग संशय, मग ओळख, मग हसू. स्वतःच्या दुःखाकडून रसाकडे जाणारा एवढा लांब पल्ला एक बाई उभ्या उभ्या चालून जाते, आणि तो पल्ला दाखवणं हे या चित्रपटाचं खरं कर्तृत्व.

याचा अर्थ सगळंच बिनचूक आहे असं नाही. शेवटी वाजणारी माक्स रिख्टर यांची 'ऑन द नेचर ऑफ डेलाइट' ही रचना २००४च्या संग्रहातली आहे आणि त्यानंतर 'शटर आयलंड', 'अरायव्हल' अशा चित्रपटांनी तिचा एवढा वापर केला आहे की ती सुरू होताच 'आता रडायचं' अशी सूचना कानावर पडते. बकली यांचा चेहरा समोर असताना या मदतीची गरज नव्हती. रात्री थेम्सच्या काठावर जगण्यामरण्याचं ते सुप्रसिद्ध स्वगत नाटककाराच्याच तोंडी घालण्याचा प्रसंगही ढोबळ आहे. लेखकाचं आयुष्य आणि पात्राचं बोलणं यांच्यात इतकी सरळ रेघ ओढली की दोन्ही लहान होतात.

मोठी शंका निराळी आहे. हॅम्लेटची कथा शेक्सपिअरच्या घरातून आलेली नाही. डेन्मार्कच्या साक्सो ग्रामाटिकस या इतिहासकाराकडे अ‍ॅम्लेथ राजपुत्राची गोष्ट शेकडो वर्षांपूर्वी आहे आणि हॅम्नेट हयात असतानाच लंडनमध्ये हॅम्लेटवरचं एक जुनं नाटक होत होतं. शिवाय मुलाच्या मृत्यूनंतरच्या वर्षांत शेक्सपिअरने विनोदी नाटकंही लिहिली. शोकाचा माग काढायचाच तर 'ट्वेल्थ नाइट'कडे जायला हवं. त्यात जुळे बहीणभाऊ आहेत, ती त्याच्या पोशाखात वावरते, भाऊ बुडाला असं ती समजते आणि तो परत येतो. या नाटकाचा नोंदवलेला एक जुना प्रयोग २ फेब्रुवारी १६०२चा आहे, म्हणजे जुळ्यांच्या बाप्तिस्म्याचीच तारीख. हा योगायोग असेल. पण चित्रपटाने शोकाला एकच नाटक नेमून दिलं आणि त्या नाटकातलंही सोयीचं तेवढंच घेतलं. हॅम्लेटचा आपल्या आईवरचा जळजळीत राग, तिला त्याने दिलेले बोल, हे अ‍ॅग्नेससमोर घडताना आपण फारसं पाहत नाही. एक आई समोर उभी असताना दुसऱ्या आईला मुलाकडून हे ऐकून घ्यावं लागतं, आणि ते लिहिणारा तिचा नवरा आहे. हा काटा चित्रपटाने काढून टाकला. तो राहिला असता तर शेवटचा दिलासा अधिक महाग पडला असता आणि अधिक खराही झाला असता.

तरीही ही कलाकृती मोडून पडत नाही, कारण तिचा भार इतिहासावर नाही. झाओ यांनी 'नोमॅडलँड'मध्ये घर गमावलेल्या माणसांकडे जशी घाई न करता पाहिलं होतं, तसंच त्या इथे एका घराकडे पाहतात. सासू मेरीचंच घ्या. एमिली वॉटसन यांनी तिला करडी, धर्मभीरू केलं आहे. पण एका प्रसंगी ती आपल्या गेलेल्या मुलींबद्दल बोलते आणि या घरात हे पहिल्यांदा घडत नाही हे कळतं. शेक्सपिअरच्या तीन बहिणी खरोखरच लहानपणी गेल्या होत्या. मेरीपाशी ना नाटक होतं, ना पाहणारे. तिने ते गिळलं आणि कामाला लागली. त्या काळातल्या बहुतेक आयांनी हेच केलं असणार. तिच्यामुळे अ‍ॅग्नेसचं भाग्य कळतं आणि त्या भाग्याची मर्यादाही.

कलेने दुःख बरं होतं, असं हा चित्रपट म्हणत नाही. अ‍ॅग्नेस घरी परतल्यावर हॅम्नेट तिथे नसणारच आहे. चित्रपट एवढंच दाखवतो की दोन माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून केलेला शोक कधीतरी एका ठिकाणी समोरासमोर येऊ शकतो, आणि त्यासाठी एकाने ते ठिकाण बांधावं लागतं, दुसऱ्याने तिथपर्यंत चालत यावं लागतं. बांधणाऱ्याचं नाव जगाने ४०० वर्षं घेतलं. चालत आलेल्या बाईचं श्रेय या चित्रपटाने पहिल्यांदा इतक्या ठसठशीतपणे मांडलं. ती आली नसती, तिने आधी हरकत घेतली नसती आणि मग हात पुढे केला नसता, तर त्या नाट्यगृहात त्या दिवशी एक चांगला प्रयोग झाला असता, त्याहून अधिक काही नाही.